कॅराव्हॅनला घरातून लाईट द्यायची, तर वायर कोणती घ्यायची?

मे महिन्यात ताई आणि दाजी पुण्याहून कॅराव्हॅन, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन आले. गाडी भाड्याची. तुळजापूर करून दोन रात्री आमच्याकडे, पुढं अक्कलकोट आणि गाणगापूर, असा बेत. घर आमचं जुळे सोलापुरात. गाडी फाटकातून आत येईना, म्हणून बाहेर लिंबाखाली लावली. त्या दिवसांत आपल्याकडं रात्री नऊ वाजताही भिंतीला हात लावला तरी गरम लागते. गाडीत एसी होता, पण तो चालवायला बाहेरून लाईट द्यावी लागते. दाजींनी गाडीसोबत मिळालेलं २५ मीटर केशरी वायरचं चाक काढलं, लागली तेवढी सात मीटर वायर सोडली, कूलरच्या पॉइंटला टॉप (पिनांचा प्लग) खोचला आणि एसी लावून सगळे झोपले.

मी दुसऱ्या पाळीला होतो. साडेबाराला घरी आलो तर फाटकापाशीच तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं वायरमनचं काम केलंय, हा वास मला झोपेतही कळतो. चाकाला हात लावला, ठेवता आला नाही. आत जाऊन आधी बटण बंद केलं, मग दाजींना उठवलं. सकाळी दोघांनी मिळून ते चाक उलगडायला घेतलं. वरचे वेढे सुटले, आतले एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. सुरीनं एक वेढा सोडवला तर वरचं कव्हर सोलून आलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. आणखी काही वेळ गेला असता तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकले असते. आणि त्या चाकापासून दोन हातांवर गाडीतली गॅसची टाकी होती.

दाजींनी विचारलं, "पण मग एमसीबी का नाही पडला रे?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. आमच्या कूलरच्या पॉइंटला १६ अँपिअरचा एमसीबी आहे. तो भिंतीतल्या अडीच एमएमच्या वायरीचा राखणदार. १६ पर्यंत करंट गेला तर त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय. १८ अँपिअर गेले तरी तो तासभर पडत नाही, तो बनवलाच तसा आहे. गाडी त्या रात्री साधारण ८ अँपिअर घेत होती. केशरी वायर पाऊण एमएमची, सहा अँपिअरच्या कामाची. ती जळायला आली होती आणि एमसीबीला मात्र निम्माच लोड दिसत होता. बाहेर टाकलेली वायर किती जाडीची आहे हे एमसीबीला कळत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की एक्स्टेन्शन वायर हा घराच्या वायरिंगचाच लांबवलेला भाग आहे असं समजा. ज्या पॉइंटला ती लावणार, त्याच्या भिंतीत जेवढी जाड वायर आहे त्याहून बारीक वायर बाहेर नको. १६ अँपिअरच्या पॉइंटला भिंतीत अडीच किंवा चार एमएम असते. मग बाहेरही किमान अडीचच.

(एमएम म्हणजे इथं चौरस मिलिमीटर, तांब्याच्या तारेचा छेद. दुकानात 'अडीचची वायर' म्हटलं की कळतं. जुने वायरमन अजून तीन-वीस, सात-वीस म्हणतात. ती गेजची, म्हणजे तारेच्या जाडीच्या जुन्या मापाची भाषा. आता मागताना एमएममध्येच मागा, घोटाळा होत नाही.)

आता लोड. दाजींच्या गाडीतल्या वस्तूंवरच्या पट्ट्या वाचून आम्ही हिशोब मांडला. एक टनाचा एसी ११०० वॅट, बॅटरीचा चार्जर ६००, छोटा फ्रीज १००, दिवे-पंखे ६०. बेरीज १८६०. तिला २३० नं भागलं की ८ अँपिअर. यात ताईनं चहासाठी इंडक्शन लावलं तर आणखी १८०० वॅट, म्हणजे एकूण ३६६० वॅट, जवळजवळ १६ अँपिअर. पॉइंटची कमाल मर्यादाच ती. टॉप आणि सॉकेट तासन्‌तास भरल्या १६ अँपिअरवर ठेवू नये, मी १२-१३ च्या वर जाऊ देत नाही. त्यामुळं ठरलं की इंडक्शन चालू असेल तेव्हा एसी बंद. ही शिस्त पाळली तर निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. आणि ६ अँपिअरचा साधा पॉइंट, ज्याला आपण मोबाईल नि टेबलफॅन लावतो, तो एसी असलेल्या गाडीसाठी बादच.

करंट दुप्पट झाला तर वायरीतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ही एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे. वायरीला थोडा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, असतोच; जितकी बारीक आणि जितकी लांब, तितका जास्त. आणि लांबी मोजताना जायची आणि यायची दोन्ही धरायची, कारण करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो. २५ मीटरची वायर म्हणजे ५० मीटर तांबं.

त्या केशरी वायरीचंच बघा. पाऊण एमएमच्या ५० मीटर तांब्याचा रेझिस्टन्स १.३ ओहम. ८ अँपिअर गेले की ८३ वॅट उष्णता तयार होते. वायर पूर्ण पसरलेली असती तर ही उष्णता २५ मीटरभर हवेत गेली असती. वायर कोमट लागली असती, एवढंच. पण १८ मीटर चाकावरच गुंडाळलेली राहिली. म्हणजे ६० वॅट त्या डब्यात कोंडले. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, पेटता असताना हात लावायची सोय नव्हती. तसा एक बल्ब प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर कोंडून ठेवल्यासारखं झालं. चांगल्या चाकांवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना इतके वॅट आणि पूर्ण सोडल्यावर इतके. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच कमी असतो. वायर जास्त झाली तर ती जमिनीवर ऐसपैस नागमोडी टाका, पण चाकावर ठेवू नका.

तेच अंतर, तोच ८ अँपिअरचा लोड, आणि वायर अडीच एमएमची असती तर? रेझिस्टन्स ०.४ ओहम, उष्णता २६ वॅट. चार एमएमला १६ वॅट. दीड एमएमला ४३.

उष्णतेइतकाच दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. कारखान्यात हे मी रोज बघतो. बोर्डापासून शेवटच्या रांगेतल्या मागाची मोटर पहिल्या रांगेपेक्षा जास्त तापायची. मोटर तीच, माग तोच, फक्त मधली वायर लांब आणि बारीक. वाटेत व्होल्टेज गळतं, मोटर अडखळते, जास्त करंट ओढते आणि जळते. एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे मोटरच, आणि सुरू होताना तो चालू असतानाच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढतो. पाऊण एमएमच्या २५ मीटर वायरीत ८ अँपिअरला १० व्होल्ट पडतात, १६ अँपिअरला २१. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर चालू झाले की घरातच २०५-२१० मिळतात कधी कधी. त्यातून २१ गेले तर गाडीला उरलं काय? मी तीन टक्क्यांचा हिशोब धरतो. २३० वर साधारण ७ व्होल्ट, त्याहून जास्त वायरीत पडता कामा नयेत. अडीच एमएमची २५ मीटर वायर ८ अँपिअरला ३.२ आणि भरल्या १६ ला ६.४ व्होल्ट खाते, म्हणजे ती या मापात बसते. युरोपातही कॅराव्हॅनला लावायची ठरीव वायर २५ मीटर, अडीच एमएम, तीन कोअर (आत तीन वेगळ्या तारा) अशीच असते. तिथंही २३० व्होल्टच आहेत, त्यामुळं हे गणित जुळतं.

अमेरिकेतल्या व्हिडिओंचं तसं नाही. दाजींनी तेच पाहून '३० अँपिअरची वायर लागते' असं डोक्यात घेतलं होतं. तिकडं गाडीला १२० व्होल्ट देतात, त्यामुळं तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो. त्यांचे १२० व्होल्टचे ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॅट. आपल्या १६ अँपिअरच्या पॉइंटचे ३६८० वॅट. काम जवळपास एकच. ते १० गेजची वायर सांगतात ती ५.२६ चौरस मिलिमीटर भरते, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हेही उलटं. मोठ्या गाड्यांसाठी तिकडं ५० अँपिअरचं चार पिनांचं कनेक्शन असतं, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. ते आकडे इथल्या दुकानात सांगू नका.

आता मी बारा महिने ज्याच्याशी झगडतो तो भाग, जोड. वायर मधेच सहसा जळत नाही. जळतो तो टॉप, सॉकेट, स्क्रूखालचं टोक. सैल स्क्रूमुळं जोडात नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स आला आणि १६ अँपिअर गेले, तर त्या एका ठिकाणी २५ वॅटच्या वर उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचाच असतो, आणि त्यानं धातू वितळतो. तेवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत. टॉप काढून पितळी पिन बघा. चकचकीत पिवळी असेल तर ठीक. एका बाजूनं तपकिरी-जांभळी पडलेली असेल तर तो टॉप आणि तो सॉकेट, दोन्ही बदला. फक्त टॉप बदलून भागत नाही, कारण सॉकेटमधली पत्ती तापून तिची पकड गेलेली असते. नवा टॉपही आठवडाभरात तसाच होतो.

जाड पिनेचा टॉप बारीक भोकात बसवणारे ते छोटे कन्व्हर्टर मिळतात, ते गाडीसाठी वापरूच नका. १६ अँपिअरचा लोड ६ अँपिअरच्या पत्तीतून न्यायची ती सोय आहे. एका एक्स्टेन्शनला दुसरं जोडणंही टाळा, एक जोड वाढला की तापायची एक जागा वाढली. आणि दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर कुणी करून देत असेल तर त्याला थांबवा. एक टोक लावल्यावर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांमध्ये २३० व्होल्ट असतात. घराकडच्या टोकाला पिना, गाडीकडच्या टोकाला भोकं, यात बदल नाही.

अर्थिंगबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो.

घरातला फ्रीज फरशीवर उभा असतो, गाडी रबरी टायरवर. गाडीचा सगळा पत्रा जमिनीपासून तुटलेला आहे. समजा आत कुठं वायर घासून फेज पत्र्याला टेकली. अर्थची तार नसेल तर काहीच होत नाही. दिवे चालू, एसी चालू, एमसीबी गप्प, कारण करंटला जमिनीत उतरायला वाटच नाही. गाडीच्या आत बसलेल्यांनाही काही जाणवत नाही, ते सगळे त्याच पत्र्यासोबत आहेत. मग कुणीतरी अनवाणी अंगणातून येतं, पाय ओल्या जमिनीवर, आणि दाराची मूठ धरतं. करंटला हवी ती वाट आता मिळाली, त्या माणसाच्या अंगातून. आमच्याकडं सकाळी सडा घालायची पद्धत आहे. आई हंडा घेऊन त्या गाडीच्या बाजूनंच गेली होती. त्या केशरी वायरीत दोनच तारा होत्या, अर्थ नव्हताच. टॉप तीन पिनांचा, वायर मात्र दोन कोअरची. टॉप उघडल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून उघडून बघाच.

तेव्हा वायर तीन कोअरची हवी आणि तिसरी तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी. शेतावरची बोअरच्या मोटरची चपटी केबल पुष्कळांच्या घरी पडून असते. तिलाही तीन तारा असतात, पण लाल, पिवळा, निळा, तिन्ही फेजच्या रंगांच्या. वायर मजबूत असते यात शंका नाही, पण त्यात अर्थ कुठला हे जोडणाऱ्यालाच माहीत, पुढच्या वर्षी टॉप बदलणाऱ्याला नाही. मी ती गाडीला लावत नाही.

तीन तारा झाल्या तरी भिंतीतल्या अर्थला खरंच जमीन मिळालीय का, हे बघावं लागतं. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट आलं तर निदान अर्थची तार जोडलेली आहे. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या. आणि आपल्या काळ्या मातीची एक गोष्ट. पावसाळ्यात ती ओल धरते, मे महिन्यात वाळून तिला भेगा पडतात, मग अर्थच्या खड्ड्यातल्या पट्टीभोवती नुसती पोकळी राहते. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्यातून बादलीभर पाणी घालायची जुन्या लोकांची सवय त्यासाठीच होती.

तरीही फक्त अर्थवर विसंबू नका. खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम असेल तर फॉल्ट झाल्यावर २३ अँपिअर जातील, आणि एवढ्यावर १६ चा एमसीबी लगेच पडत नाही. इथं आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत ताडून बघतो. तीस हजारांश अँपिअर जरी कुठं दुसरीकडं गेला तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. घरात नसेल तर वायरीच्या घराकडच्या टोकाला छोट्या बॉक्समध्ये १६ चा एमसीबी आणि आरसीसीबी बसवून घ्या. त्यावर टेस्टचं बटण असतं, गाडी जोडली की एकदा दाबून बघायचं. पडला तर ठीक. नाही पडला तर गाडी वायरीवरून काढा.

खरेदीला गेलात तर वायरीच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. आयएसआयची खूण, आयएस ६९४ हा आकडा, आणि तीन कोअर अडीच स्क्वेअर एमएम. मग दुकानदाराला टोक सोलून द्यायला सांगा. आम्ही दाजींसाठी घेतली तेव्हा काउंटरवर वर्तमानपत्र पसरून तारा मोजल्या: एका कोअरमध्ये ०.३ मिलिमीटरच्या ३६. अडीच एमएमला इतक्याच असतात, दीडला २२, चारला ५६. मग एक तार ब्लेडनं खरवडली. आतूनही लालच निघाली. पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि स्क्रूखाली दबून सैल होतं. वजनावरूनही कळतं. २५ मीटर तीन कोअर अडीचच्या बंडलात नुसतं तांबंच पावणेदोन किलोच्या आसपास असतं, त्यावर कव्हर वेगळं. बंडल उचलल्यावर हलकं लागलं तर परत ठेवा.

टॉपमध्ये तारा नुसत्या पिळून घालू नका, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवा. डाग देऊन टोक कडक करायची पद्धतही चुकीची आहे. शिसं-कथील स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोड सैल पडतो. अंतर ४० मीटर असेल तर चार एमएम घ्यावी लागते, पण ती साध्या टॉपमध्ये नीट बसत नाही आणि मग लोक चार तारा कापून बसवतात. तसं करण्यापेक्षा निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावा. गाडीच्या अंगाला बहुतेक वेळा तोच असतो.

वायर टाकताना आपल्या उन्हाचा विचार करा. वायरीवरचे अँपिअर साधारण ३० किंवा ४० अंशांची हवा धरून दिलेले असतात. ३० अंशांना जी पीव्हीसी वायर २० अँपिअर घेते, ती ४५ अंशांना १६ च घेते. दिवसा डांबरावर पडलेली वायर त्याहून गरम असते. सावलीतून न्या. आणि पाय अडकू नये म्हणून वायरीवर चादर किंवा सतरंजी टाकायची सवय घराघरात आहे, ती सोडा. आपली सोलापुरी चादर थंडीत ऊब धरून ठेवते, तशीच ती वायरीचीही ऊब धरून ठेवते. भिंतीच्या कडेनं, दाराच्या वरून वायर न्यावी. खिडकीच्या पल्ल्यात चेंगरू नये. गाड्या जातात त्या रस्त्यावरून नेऊच नये. मधला जोड जमिनीवर न ठेवता विटेवर किंवा फांदीला टांगावा, वळवाचा पाऊस विचारून येत नाही.

जोडायचा क्रम असा: गाडीतलं सगळं बंद, घरातलं बटण बंद, आधी गाडीकडचं टोक, मग घराकडचं, मग बटण, आरसीसीबीची टेस्ट, आणि शेवटी एसी. काढताना उलटं.

दुसऱ्या रात्री तसंच केलं. वायर २५ मीटर, सात मीटरचंच अंतर, उरलेली पडवीत नागमोडी पसरली. एसी लावून तासाभरानं मीटर लावला. घरात २१८, गाडीत २१५. टॉपला हात लावला, किंचित कोमट. दाजींनीही लावून पाहिला, मग आईनं.